बसून वाजवायचं संगीत

समोरून बँड येताना दिसला की मी अजूनही रस्ता बदलतो. अमरावतीत मे महिन्यात हे सोपं नसतं. एका गल्लीतून सुटावं तर दुसऱ्या गल्लीत वरात उभी असते. बायकोला वाटतं, मला आवाजाचा त्रास होतो. इतकी वर्षं मी तिला तसंच वाटू दिलं.

मी इथल्याच एका कॉलेजात इतिहास शिकवतो. बी.ए.च्या मुलांना युरोप शिकवतो, म्हणजे राजे, क्रांत्या, तह. दोन हजार सालानंतरच्या त्या वाईट वर्षांत एकदा रिफ्रेशर कोर्ससाठी पुण्याला गेलो होतो. तिथे शेजारच्या खोलीतल्या एका प्राध्यापकाने मला एक कॅसेट भरून दिली. एका फ्रेंच रचनाकाराने मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेले चार छोटे तुकडे होते. त्याच्या आधीच्या काळात, राजांच्या अमदानीत, दरबारी लोक बागेत जमून ज्या करमणुकी करत, त्या डोळ्यांपुढे ठेवून त्याने ते लिहिले होते. मुखवटे, नाच, सोंगं. त्यात एक सोंग ठरलेलं असे. सरदार आणि त्यांच्या बायका रेशमी कपड्यांत मेंढपाळ व्हायचे, हातात काठी घ्यायचे आणि गावातल्या साध्या माणसांसारखं प्रेम केल्याचं दाखवायचे. शेवटचा तुकडा त्या मेंढपाळांचा होता. संथ, जरा उदास. कोणीतरी बागेतून निघून जावं आणि त्याच्या मागे गवत हलत राहावं, तसा.

मला संगीतातलं फार कळत नाही. पण तो शेवटचा तुकडा ऐकताना मला दर वेळी जठारपेठ आठवायची आणि जठारपेठेतले मास्टर.

माझं लहानपण अकोल्याला जठारपेठेत गेलं. आमच्या घरासमोर एका बँडचं दुकान होतं. वर पाटी, आत भिंतीला टांगलेली पितळी वाद्यं, आणि खुंटीवर लाल मखमलीचे, जरीच्या पट्ट्यांचे कोट. बँडचे मालक क्लॅरिनेट वाजवत. मुसलमान गृहस्थ, उंच, बारीक. त्यांचे वडील पलटणीच्या बँडमध्ये होते, तिथली शिस्त यांच्या अंगात उतरली होती. सगळा मोहल्ला त्यांना मास्टर म्हणायचा, मी मास्टरचाचा. मी प्राध्यापक झाल्यावर ते मला 'प्रोफेसर' म्हणायला लागले, आणि ते म्हणताना त्यांच्या मिशीत हसू असायचं. त्यांच्या क्लॅरिनेटमध्ये असं काही होतं, जे वरातीत कोणालाच ऐकू येत नसे. पुढे नाचणारे, मागे जनरेटर, मध्ये घोडा. मी एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कधी कोणी नीट ऐकलंय का?

"ऐकते ना," ते म्हणाले. "घोडा ऐकते. बिचकला की समजते, सूर वर गेला."

पुण्याहून परतल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी ती कॅसेट त्यांना नेऊन दिली. दुकानातल्या टेपवर त्यांनी चारही तुकडे ऐकले. डोळे मिटून, एका कानावर हात धरून. संपल्यावर त्यांनी कॅसेट उलटी करून पाहिली, जणू मागे कोणी लिहून ठेवलं असेल हे कसं केलं ते.

"हे लोक बसून वाजवून राहिले ना?"

मी म्हटलं, हो. असं संगीत बसूनच वाजवतात. ऐकणारेही बसलेले असतात, आणि संपेपर्यंत कोणी बोलत नाही.

त्यांनी कॅसेट डबीत ठेवली. मग म्हणाले, "प्रोफेसर, चाळीस वर्षं झाले. मी एक गाणं बी बसून नाई वाजवलं."

जानेवारीच्या शेवटी आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन असे. त्या वर्षी सांस्कृतिक समितीत मी होतो. मी तिथल्या तिथे बोलून गेलो, "आमच्याकडे वाजवा. सभागृह आहे, खुर्च्या आहेत, लोक बसून ऐकतील." हे वचन मी दिलं. कोणी माझ्याकडून काढून घेतलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिने मी जवळजवळ दर रविवारी अकोल्याला जात होतो. मास्टरांनी कॅसेट थांबवून थांबवून, मागे नेऊन, एकेक वाद्य वेगळं ऐकून सगळं एका लांबट वहीत सरगममध्ये उतरवलं होतं, उर्दू अक्षरांत. व्हायोलिनचं काम दोन क्लॅरिनेटना दिलं, खालचा आवाज युफोनियम या मोठ्या पितळी वाद्याला. त्या रचनेत हार्प नावाचं मोठं तारांचं वाद्य आहे, त्याचं काय करायचं यावर आठवडा गेला. कोणीतरी कॅसिओ आणू म्हणालं, तर मास्टर चिडले. शेवटी तोड निघाली ती युफोनियमवाल्याकडून. तो तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातला, चार एकरांचा कापूसवाला. लग्नसराईत बँडमध्ये, एरवी शेतात. त्याने घरून पिशवीभर कापूस आणला आणि दोन ट्रम्पेटच्या तोंडांत बोळे कोंबले. आवाज एकदम लहान आणि दूरचा झाला, तार छेडल्यासारखा.

"यंदा भावच नाई त काय करा," तो म्हणाला. "बाजारात नाई, बाजात त जाईन."

सगळे हसले. बँडमधल्या बारा जणांपैकी आठ-नऊ जण असेच होते. कोणाची थोडी शेती, कोणी दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणारा. एक जण भाजीच्या गाडीवर बसायचा. मी त्यांना त्या दरबारी सोंगांची गोष्ट सांगितली, सरदार लोक मेंढपाळ कसे व्हायचे ती. ढोलवाल्याला ती फार आवडली. खुंटीवरच्या लाल कोटाकडे बोट करून तो म्हणाला, "तिकडं राजा गरीब बनून राहिला अन् इकडं आमी राजा बनून राहिलो. अदलाबदलच हाये लेका!"

खरी अडचण बसण्याची होती. मास्टरांनी मंडपवाल्याकडून लोखंडी घडीच्या खुर्च्या आणून दुकानामागच्या अंगणात मांडल्या. पहिल्या दिवशी सगळे बसले आणि चार ओळींत ताल सुटला. ज्याने त्याने आपली लय धरली. चालत वाजवणाऱ्याचा ताल पायात असतो, हे मला तेव्हा कळलं. पाऊल पडतं, त्यावर फुंक पडते. बसवलं की पाय बेकार आणि फुंक पोरकी. तिसरा तुकडा तर जुना नाच होता, जो तालाच्या आवर्तनाच्या अर्ध्या वाटेवरूनच उचलायचा असतो. ज्या पावलावर वरात निघते, त्या पावलावर तो निघतच नाही. मास्टरांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि खुर्चीखाली टाचा हलवत ठेवायला सांगितलं. बारा माणसं बसल्या जागी चालत होती. तीन रविवारांनी त्या टाचाही थांबल्या, आणि पहिल्यांदाच शेवटचा तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाला. संपल्यावर कोणी हललं नाही. आतून मास्टरांच्या बायकोने विचारलं, "झालं का? चहा टाकू?"

हे सगळं मी इतकं तपशिलाने लिहितो आहे, कारण पुढचं लिहायला मन घेत नाही.

संमेलनाच्या पाच दिवस आधी समितीची बैठक झाली. ते दिवस कसे होते, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, रोज कुठल्या तरी गावातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी असे. वर्गात हजेरी घेताना एखाद्या नावापाशी 'गावी गेलाय सर' असं उत्तर आलं की पुढे कोणी काही विचारत नसे. बैठकीत कार्यक्रमांची यादी वाचली गेली आणि माझ्या ओळीपाशी अर्थशास्त्राचे एक सर हसले.

"हे काय आहे? फ्रेंच दरबारी करमणुकीवर आधारित रचना? अहो, इकडे लोक मरून राहिले अन् तुमी फ्रान्सच्या राजाची वरात काढून राहिले?"

टेबलाभोवती सगळे हसले. प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले.

मला उत्तर येत होतं. हे संगीत राजाच्या काळात लिहिलेलं नाही, ते पहिलं महायुद्ध संपल्यावर पुढे आलं. त्या देशातल्या गावागावांतून माणसं गेली होती, तेव्हा लोकांनी ते बसून ऐकलं होतं. सरून गेलेल्या गोष्टीकडे मागे वळून पाहणारं संगीत आहे ते. आणि वाजवणारे कोण आहेत, हेही मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण माझं हसं झालं होतं, आणि ते हसं पुसायची मला घाई होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सरांचं म्हणणं बरोबर आहे. मी स्वतःच हा कार्यक्रम मागे घेतो. आपल्या भागातला शेतकरी संकटात असताना आपण दरबारी करमणूक ऐकणं मला शोभत नाही." आणखीही बोललो. आवाज भरून आला होता, तोही खोटा नव्हता, हीच त्यातली वाईट गोष्ट. टाळ्या झाल्या. अर्थशास्त्राच्या सरांनी पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात चौकट आली. त्यात माझा फोटो होता आणि मला 'संवेदनशील प्राध्यापक' म्हटलं होतं. तेव्हा माझ्याकडेच राहणाऱ्या आईने ती कापून देव्हाऱ्याशेजारी ठेवली.

रद्द झाला तो तेवढा एकच कार्यक्रम. सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच राहिले, फिशपॉन्ड राहिले, शेला-पागोटे राहिले.

आता बँडला कळवायचं होतं. दुकानाशेजारच्या मिठाईवाल्याकडे फोन होता, मास्टरांना निरोप तिथूनच जायचे. तीन दिवस मी केला नाही. शनिवारी केला. घंटा वाजली, कोणीतरी उचलला, "हॅलो, कोन?" म्हणालं. मी "हॅलो" म्हटलं आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. फोन ठेवला. नंतर मनाची समजूत घातली की पेपरात आलंच आहे, त्यांनी वाचलं असेल. मास्टर उर्दू पेपर वाचतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

रविवारी, संमेलनाच्या दिवशी, चार वाजता कॉलेजच्या फाटकावरून चौकीदार धावत आला. "सर, बँडवाले आले. मी म्हटलं, इथं लग्न नाई. त तुमचं नाव घेऊन राहिले."

मी बाहेर गेलो. एसटीने आले होते, रस्त्याचा धुरळा अंगावर होता. लाल कोट नव्हते. सगळ्यांनी पांढरे शर्ट घातले होते, नवीन, घड्यांच्या रेघा दिसत होत्या. कोणीतरी सांगितलं असेल की बसून वाजवणारे असे साधे कपडे घालतात. बहुधा मीच सांगितलं असेल. युफोनियम जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं होतं. ट्रम्पेटवाल्याच्या हातात कापसाची पिशवी होती.

मास्टर हसत पुढे आले. मी त्यांना सांगितलं. कार्यक्रम रद्द झाला आहे, कळवायचं राहून गेलं, माफ करा. आतून त्याच वेळी गाण्याचा आणि शिट्ट्यांचा आवाज येत होता.

"काहून?" त्यांनी विचारलं. एवढंच.

"वातावरण ठीक नाही," मी म्हणालो. "शेतकऱ्यांची परिस्थिती अशी... लोकांना वाटलं, बरं दिसणार नाही."

युफोनियमवाला लुगड्याची गाठ सोडत होता, तो थांबला. "सर, आमीच त शेतकरी हाओ. आमाले कोनं इचारलं?"

"चुप रे," मास्टर त्याला म्हणाले.

"नाई, इचारून राहिलो. माह्यासाठी बंद केलं, त मलेच माहीत नाई!"

"चुप बैठ, म्हटलं ना."

मास्टरांनी फाटकाच्या आत नजर टाकली. सायकल स्टँडजवळ कडुनिंब होता आणि त्याच्याखाली सभागृहातून बाहेर काढून ठेवलेल्या खुर्च्यांची थप्पी. त्यांनी ती पाहिली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "सर, तिकडं झाडाखाली बसून वाजवलं त चालंन? पंधरा मिनटं. कोनी नाई ऐकलं तरी चालते. तुमी एकले बसा."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मला सर म्हटलं.

बैठकीतला भ्याडपणा मी कधीतरी स्वतःला माफ करू शकेन. फोन ठेवला तेही. पण हा प्रश्न मला अंधारात नव्हे, दिवसाढवळ्या, तोंडासमोर विचारला गेला होता. पंधरा मिनिटं आणि बारा-तेरा खुर्च्या, एवढंच लागत होतं. आणि मला दिसलं ते असं, की झाडाखाली बँड वाजतो आहे, मुलं गोळा झाली आहेत, अर्थशास्त्राचे सर पायरीवर उभे राहून हसताहेत आणि चौकटीतला संवेदनशील प्राध्यापक पुढे बसून फ्रेंच दरबाराचं संगीत ऐकतो आहे. मी म्हणालो, "आज नको. परवानगी नाही."

परवानगी मी मागितलीच नव्हती.

"ठीक," ते म्हणाले. मी चहाचं विचारलं. ते म्हणाले, बस आहे. मग सगळे वळले. रस्त्याने जाताना त्यांची पावलं आपोआप एका तालात पडत होती. फाटकाशी कापसाचा एक बोळा पडलेला राहिला. मी तो पायाने गटारात ढकलला, कोणी पाहू नये म्हणून.

त्यानंतर मी जठारपेठेत गेलो नाही. आई-वडील त्याआधीच अमरावतीला माझ्याकडे राहायला आले होते, जायचं दुसरं कारणही नव्हतं. आई गेल्यावर तिच्या कपाटात ती चौकट सापडली, पिवळी पडलेली, प्लास्टिकच्या पिशवीत. तेव्हा मी गेलो. बारा वर्षं झाली होती.

दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. मागचं अंगण तसंच होतं. मास्टर आत होते. दात सगळे गेलेले, गाल आत ओढलेले. दात नसले की क्लॅरिनेट संपतं, ते मला ठाऊक होतं. त्यांनी मला ओळखलं आणि आतून एक लोखंडी घडीची खुर्ची आणून उघडली. "बसा, सर."

मी जे म्हणायला आलो होतो ते म्हणालो. बैठक, टाळ्या, पेपर, सगळं. शेवटी फोनचंही सांगितलं, की शनिवारी केला होता आणि बोलायची हिंमत झाली नाही.

"मालूम हाये," ते म्हणाले. "मीच उचलला होता. तुमचा हॅलो मी वळखतो ना."

मी खुर्चीतून वर त्यांच्याकडे पाहिलं.

"त्या टायमाले तिथंच, मिठाईवाल्याकडं, माह्यासमोर एक पार्टी बसेल होती. मुर्तिजापूरची. रविवारची वरात, पूर्ण बँड पायजे म्हने. मी विचार करत होतो, दोन्ही जमंन का. तेवढ्यात तुमचा फोन आला. कटला. मले वाटलं, पक्कं कराले केला असंन." ते जरा हसले. "मी पार्टीले नाही म्हनून देल्लं. मंग पोराइले शर्ट घेतले."

ते तक्रार करत नव्हते. एखादी हकिगत सांगावी तसं सांगत होते, म्हणून ते ऐकणं अवघड होतं. मी युफोनियमवाल्याचं विचारलं. वावर विकून तो पुण्याकडे गेला, एका बिल्डिंगवर वॉचमन आहे. बाकीचे इकडे तिकडे. बँड डीजेने खाल्ला. वही आहे का, विचारलं. आहे म्हणाले, पण उठून आणली नाही.

"पुन्हा कधी वाजवलं का ते? कुठे तरी?"

"कुठं वाजवाव? वरातीत? त्याच्यावर नाचता येत नाई, प्रो..." ते थांबले. "सर."

थोड्या वेळाने, मी न सांगता, त्यांनी सुरू केलं. शेवटचा तुकडा, मेंढपाळांचा. दात नसलेल्या तोंडाने, अर्धा गुणगुणत, अर्धा फुंकरीचा. डाव्या हाताची बोटं हवेत नसलेल्या भोकांवर पडत होती. दोनदा श्वास पुरला नाही. तरी त्यांनी तो पूर्ण केला, जिथे क्लॅरिनेट थांबून खालचा आवाज एकटा राहतो, तिथे ते तेवढा वेळ गप्पही राहिले, आणि मग पुन्हा धरला. रस्त्यावर हॉर्न चालू होते. मी हललो नाही.

ते उभे राहून गात होते, दाराच्या चौकटीला टेकून. मी उठायला लागलो, तर त्यांनी हातानेच मला खाली बसवलं. खुर्ची एकच होती.